तू नाही म्हटलं होतंस, सुधीर

सुधीर,

वादात मरून जिंकायचं, ही काय पद्धत झाली? "उद्या बोलू" म्हणालास, दिवा मालवलास आणि कुशीवर वळलास. सकाळी जाताना मला उठवलंही नाहीस. आता सगळे मला सांगतात की आपल्या सायलीच्या बाबतीत तुझा शब्द शेवटचा होता, तो पाळायला हवा. मला हसू येतं रे. आपल्या संसारात तुझा शब्द शेवटचा कधी होऊ दिला होता मी?

तेरावं झालं. तुझ्या ताई परवा नागपूरला गेल्या. हॉलमधल्या गाद्या मी आणि सायलीने उचलून दिवाणात कोंबल्या, आणि मग दोघी रिकाम्या फरशीकडे बघत उभ्या राहिलो. लग्न होऊन या फरीदाबादेत आले तेव्हापासून हॉलमध्ये एकही गादी नाही असे दिवस मी फार थोडे पाहिलेत. तेव्हा मी म्हणायचे, एकदा तरी हे घर मोकळं दिसू दे. दिसलं बाबा. बिल्कुल मोकळं झालं.

दिल्लीत आपल्या ओळखीचं एक मराठी घर आहे, एवढं कळलं की सांगलीपासून अमरावतीपर्यंत कुणीही तुझा नंबर फिरवायचं. यूपीएससीच्या मुलाखतीला आलेली मुलं, चारधामला निघालेली मंडळी, मोठ्या हॉस्पिटलात तारीख मिळालेले पेशंट आणि त्यांच्यासोबत आलेले दोन भाऊ. कुणी तुझ्या मावसबहिणीच्या दिराचा मित्र, तर कुणी नुसताच आपल्या गावाकडचा. तू फोनवर कधी विचारलं नाहीस की किती दिवस. फक्त विचारायचास, "गाडी कुठली? निजामुद्दीनला येते ना? मी उभा असेन."

आणि पाहुणा आला की चहाबरोबर त्याचा पहिला प्रश्न, पानिपत किती लांब? ताजमहाल राहिला बाजूला. मराठी माणूस दिल्लीत उतरला की त्याला पानिपतची माती कपाळाला लावायची असते. फरीदाबादहून पानिपत म्हणजे सगळी दिल्ली ओलांडून पलीकडे, पण तू रविवार खर्ची घालून नेणार. तिथे गेल्यावर तू त्यांच्या मागे हात बांधून गप्प उभा राहायचास, जणू पहिल्यांदाच आला आहेस. मंडळींचे डोळे भरून यायचे आणि लगेच तासाभरात बाजारात ब्लँकेटांचा भाव सुरू. येताना डिकी बंद व्हायची नाही. मी म्हणायचे, आपल्या लोकांनी पानिपत गमावलं आणि चादरी कमावल्या. तू रागवायचास, पण तोंड फिरवून हसायचासही, मी बघितलंय.

मी भांडत नव्हते असं कोण म्हणेल? शाळेत शिकवून आठवी-नववीची गणितं डोक्यात घेऊन यायचं आणि दारात अनोळखी चपलांचा ढीग. एकदा तुला सरळ म्हटलं होतं, यजमान तू, आणि मी कोण? तू म्हणालास, "तू घरची लक्ष्मी." म्हटलं, लक्ष्मीचे पाय दुखतात. त्यानंतर दोन दिवस तू भांडी घासलीस, आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक पाहुणा घेऊन आलास.

पण मला तो डेंग्यू झाला होता, तेव्हाचं आठवतंय? सगळ्यांना तू नकार कळवलास, आयुष्यात पहिल्यांदा. उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवायचास, पडदा इतकाच ओढायचास की डोळ्यांवर ऊन येऊ नये पण खोली अंधारी होऊ नये. मऊ भातावर तूप घालून म्हणायचास, "दोनच घास, पुढचं तुमच्यावर." पाहुण्यांशी बोलायचास तसं, अहो-जाहो करून. तेव्हा मला कळलं की लोक आपल्याकडे का येतात. हे तुला सांगायचं राहून गेलं. तुझी चेष्टा करण्यातच दिवस गेले.

सायलीचं बालपण या सगळ्यात गेलं. तिची खोली सगळ्यात आधी द्यायची, कारण तिच्या खोलीला लागून बाथरूम. ती उशी काखेत मारून आपल्या दोघांमध्ये येऊन झोपायची. दहावीच्या परीक्षेत मी अडून बसले म्हणून ती खोली तेवढी वाचली. पण या पोरीने कधी कुरकुर केली नाही, तिला त्यात गोडी लागली होती. शाळेत असताना एकदा पोळ्या वाढता वाढता स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, जो नको नको म्हणतो ना, त्याला खरी भूक असते. आणि जो स्वतःहून मागतो त्याला नुसत्या गप्पा मारायच्या असतात." मी तुला सांगितलं तर तू दिवसभर तुझ्या फॅक्टरीत सगळ्यांना सांगत फिरलास. तुझी छाती फुगली होती.

म्हणून तर मला कळेना, की बारावीनंतर तिने हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचं नाव काढल्यावर तुझा चेहरा असा का उतरला.

तिने काही घाईत ठरवलं नव्हतं, हे तुलाही माहीत होतं. वर्षभर ती गुरुग्रामच्या मैत्रिणीबरोबर माहिती काढत होती. कुठल्या देशात शिकताना काम करू देतात, कुठे कोर्समध्येच सहा महिने पगारी काम आहे, कुठे नुसतं नाव मोठं आहे आणि नोकरी शोधायला आपणच फिरायचं. स्वित्झर्लंडला प्रवेश मिळाला होता. सगळे म्हणत होते तिकडेच जा. तिने नेदरलँड्सचं विद्यापीठ निवडलं. का, तर तिथे विद्यापीठाचं स्वतःचं हॉटेल आहे, खऱ्या गिऱ्हाइकांचं, आणि पहिल्या वर्षाची मुलं तेच चालवतात. आधी लाँड्री, मग खोल्या, मग किचन, मग काउंटर, आणि हिशेब-व्यवस्थापन सगळं त्याच्या वर. तुझ्यासमोर लॅपटॉप ठेवून ती तास-तास समजावत होती. शिकलेल्यांतले सगळेच काही हॉटेलात जात नाहीत, कुणी हॉस्पिटलांत पेशंट आणि नातेवाइकांची सोय बघतं, कुणी विमान कंपनीत. तू मन लावून ऐकलंस. पैशांचं काय ते बघता आलं असतं, तो मुद्दा तू काढलाच नाहीस.

जेवताना तू एवढंच म्हणालास, "म्हणजे फी भरून चादरी बदलायच्या?"

आणि ती पटकन म्हणाली, "घरी तर फुकट बदलल्या, बाबा."

मी आमटी वाढत होते, डाव हातातच राहिला. तिला तसं म्हणायचं नव्हतं रे. तुला ते लागलं, आणि लागल्याचं तू दाखवलं नाहीस, त्यामुळे तिला आणखी बोलावं लागलं. तू म्हणालास, पाहुणचार ही विकायची गोष्ट नाही. तुझे वडील नोकरीला दिल्लीत आले तेव्हा करोलबागेत एका अनोळखी माणसाने त्यांना कित्येक महिने ठेवून घेतलं, एक पैसा घेतला नाही, म्हणून आपण आहोत. ती गोष्ट आम्हाला दोघींना पाठ आहे. सायली म्हणाली, "मी विकणार नाहीये. नीट करायला शिकणार आहे. आपल्याकडे पाहुणे खूश असायचे आणि आई दमून जायची. हा नीट पाहुणचार झाला का? तू सांग."

ताट स्वच्छ केलंस, नेहमीसारखं. हात धुऊन आलास आणि म्हणालास, "माझा नकार आहे. बाकी उद्या बोलू."

रात्री अंथरुणात मी तुला म्हटलं, हो म्हण ना यार, पोरगी इतकी तयारी करून बसली आहे. तू छताकडे बघत विचारलंस, "तिला आपण काय कमी केलं?" त्या प्रश्नाचा चादरींशी काही संबंध नव्हता, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी झोपेत होते, म्हटलं, सकाळी सांगते.

सकाळी तू निजामुद्दीनला गेलास. साताऱ्याचे कुणी देशमाने म्हणून आजोबा येणार होते, डोळ्यांच्या ऑपरेशनला. तू गाडी पार्किंगमध्ये लावलीस, उतरलास आणि खाली बसलास. मग उठलाच नाहीस. तुझा फोन मी कितीदा लावला, शेवटी तुला हॉस्पिटलात नेलेल्या एका टॅक्सीवाल्याने उचलला. तो मला हिंदीत म्हणत होता, "मॅडम, भाईसाब की तबीयत ठीक नहीं है, आप आ जाइए." त्याच्या आवाजावरूनच मला कळलं होतं.

मी पायात चप्पल सरकवत होते आणि दाराची बेल वाजली. देशमाने आजोबा. प्लॅटफॉर्मवर वाट बघून, तू फोन उचलत नाहीस म्हणून स्वतःच रिक्षा करून आले होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा. "सुधीरराव भेटले नाहीत वाटतं," असं हसत हसत म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिले. सायलीने मला बाजूला केलं, त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना बसवलं. पाणी दिलं. गीझरचं बटण दाखवलं. म्हणाली, "आजोबा, बाबाला बरं नाही, आम्ही हॉस्पिटलला जातोय. समोरच्या आंटी तुम्हाला नाश्ता देतील. दार ओढून घ्या, कुलूप लावू नका." आणि मग आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, तेव्हा तिचे दात वाजायला लागले.

त्या क्षणी मला तिचा राग आला होता. बाप तिकडे पडला आहे आणि हिला गीझर सुचतोय. तुझ्याजवळ पोचल्यावर तो राग गेला. तू तिथे कसा दिसत होतास ते मी लिहिणार नाही.

पुढचे दिवस माणसांनी घर भरलं. आयुष्यभर ज्यांना ठेवून घेतलंस ते सगळे उलटे आले म्हण ना. पुण्याचे, नाशिकचे, गुरुग्रामला नोकरीला लागलेली ती यूपीएससीवाली मुलं, कॅन्टोन्मेंटमधले जाधव सुभेदार बायकोला घेऊन. सायली नुसती फिरत होती. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला खुर्ची, कुणाचा मोबाइल चार्जिंगला. समोरच्या आंटींच्या घरून जेवण यायचं, ते कुणाला आधी वाढायचं हे तीच बघायची. रडली नाही. एकदाही नाही. ताई म्हणाल्या, पोरगी दगड झाली आहे, तिला रडवा. मी कशी रडवू?

आणि मग ती चूक झाली. जाधव सुभेदार निघाले. तुला माहीत आहे, दुःखाच्या घरातून उठताना "येतो" म्हणत नाहीत, नुसतं उठून जातात. घरचं माणूसही दारापर्यंत जात नाही. पण दिल्लीत वाढलेल्या या पोरीला हे कोण सांगणार? आपल्या घरी कुणी गेलं तर कसं वागायचं, हे तिला आजवर बघायलाच मिळालं नव्हतं. ती त्यांच्या मागोमाग लिफ्टपर्यंत गेली, बटण दाबलं, आणि हसून, हो, हसून म्हणाली, "काका, काकू, पुन्हा या हं. घर आपलंच आहे."

हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं सायली, सुतकाच्या घरात पुन्हा या म्हणतात होय? पुन्हा या म्हणजे पुन्हा असाच प्रसंग यावा असं होतं." सायलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "पण बाबा असंच म्हणतो." म्हणायचा नाही, म्हणतो. सुभेदारांनी लिफ्टचं दार हाताने अडवलं होतं. एवढा मिशाळ माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "येऊ हां बेटा. तुला भेटायला येऊ. त्यात काही वाईट नाही." मला काय झालं कुणास ठाऊक, मला हसू फुटलं. सगळ्यांसमोर, पांढऱ्या साडीत, मी हसत सुटले आणि मग ते रडण्यात गेलं. तू असतास तर तूही हसला असतास. तुझीच शिकवण ती.

त्याच संध्याकाळी सायलीने जाहीर करून टाकलं की ती जाणार नाही. इथेच बीकॉम करणार. बाबाला नको होतं. ताईंनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, "शहाणी माझी बाय. त्याच्या आत्म्याला शांती मिळेल, आणि आईजवळही कुणी राहील." सगळ्यांनी मान डोलावली. मी कुणाशी भांडले नाही. शप्पथ सांगते, मलाही क्षणभर बरं वाटलं. या घरात एकटी राहायची मला भीती वाटते, सुधीर. पाहुण्यांच्या घरात राहिलेलं माणूस एकटं राहायला कुठे शिकतं?

पण ताई गेल्यावर काल दुपारी आम्ही दोघी टेबलाशी भेंडी पुसत बसलो होतो. विद्यापीठाला आपली बातमी कळवली होती, त्यांनी उत्तर द्यायला थोडी मुदत वाढवून दिली होती, ती आता संपत आली होती. सायली भेंडीकडे बघतच म्हणाली, "आई, खरं सांग. बाबा दुसऱ्या दिवशी काय म्हणणार होता?"

तुझ्या तोंडी होकार घालणं किती सोपं होतं रे. तू काय उठून नाही म्हणणार होतास थोडाच? "झोपताना मला म्हणाला होता, जाऊ दे तिला," एवढं एक वाक्य. मी ते मनात जुळवलंही होतं. पोरगी मोकळी झाली असती, तू मोठ्या मनाचा ठरला असतास, आणि तुझ्या हार घातलेल्या फोटोखाली सगळं कसं छान झालं असतं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

मग मला तू दिसलास. ताट स्वच्छ करून उठणारा, हट्टी, पानिपतला रविवार घालवणारा. म्हटलं, तो म्हणाला नाही ते मी कशाला म्हणू? त्याचा नकार तरी त्याचा राहू दे.

"नाहीच म्हणणार होता," मी म्हटलं. "मी ओळखते ना त्याला. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानेही नाही."

तिने मान खाली घातली. "मग झालं तर."

"काय झालं? तू ऐकणार होतीस का त्याचं?"

तिने हातातली भेंडी पुसून ठेवली. मग म्हणाली, "नसतं ऐकलं."

"काय केलं असतंस?"

"भांडले असते. रोज भांडले असते. मी सगळं काढून ठेवलं होतं, आई, त्याला काय काय सांगायचं ते. तो माझं ऐकून घेणार होता. तो उद्या बोलू म्हणाला होता." आणि तिचा आवाज चढला. "उद्या बोलू म्हणाला आणि गेला. असं कुणी करतं का? मला त्याला सांगायचं होतं की तू चुकतोयस. सॉरी म्हणायचं होतं आणि चुकतोयस पण म्हणायचं होतं. आता मी कुणाला सांगू?"

भेंडीचं ताट खाली पडलं. ती टेबलावर डोकं टेकून अशी रडायला लागली की समोरच्या आंटी धावत आल्या. मी त्यांना खुणेने परत पाठवलं. रडू दिलं. मधेच "बाबा, तू चूक आहेस" असं मोठ्याने म्हणत होती, तू आत झोपला आहेस आणि तुला ऐकू जायला हवं अशी. मीही तिची बाजू घेतली. आपण तिघं घरात असताना व्हायचं तसंच झालं, दोघी एका बाजूला आणि तू एकटा.

काल संध्याकाळी तिने विद्यापीठाला होकार कळवला. ताईंना मी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, सुधीरच्या मनाविरुद्ध? म्हटलं, हो, मनाविरुद्ध. तो असता तरी गेलीच असती, आणि तो रुसला असता, आणि मी मधे पडले असते. त्या फोन ठेवून मोकळ्या झाल्या.

गणपतीनंतर ती जाईल. तिला विमानतळावर मीच सोडीन. हायवेवर गाडी चालवायला मला भीती वाटते, हे तुला माहीत होतं. जाताना ती शेजारी असेल, तेव्हा चालवेन मी कशीतरी. येतानाचं मला सांग.